खिडकीतल्या पांढऱ्या बाटल्या

प्रति,
मा. अधीक्षक,
पांझरा त्वचारोग उपचार केंद्र,
धुळे

विषय : मदतनीस लताबाई यांना कामावरून कमी केल्याचा आदेश तात्काळ रद्द करणेबाबत.

संदर्भ : माझे समाधान झाले आहे, असे मलाच कळविणारे आपले पत्र.

महोदय,

साक्रीचे कै. जीवराम भदाणे, त्यांचे पुत्र कै. मोतीलाल, त्यांचे पुत्र ज्ञानेश्वर आणि ज्ञानेश्वर यांची कन्या समीक्षा. ही समीक्षा आपल्या केंद्राची रुग्ण, आणि मी कै. मोतीलाल यांची पत्नी, तिची आजी. आमच्या घराण्यात कोणाचे समाधान झाले, हे आजवर बाहेरच्याने परस्पर ठरविले नव्हते. ते धाडस आपण केलेत, म्हणून हा अर्ज.

१. समीक्षाच्या हातांवर कोडाचे डाग आहेत. आपल्या केंद्रात बावचीच्या बियांतील औषधाच्या द्रावणात हात बुडवून नंतर ते अतिनील किरणांच्या दिव्याखाली धरतात. किरण पडेपर्यंत हे औषध निजलेले असते; किरण पडले की कातडीत आपले काम सुरू करते. समीक्षा रसायनशास्त्र शिकली आहे, तिने मला हे एका बैठकीत समजावले. आपल्या डॉक्टरांना तेवढी सवड झाली नाही.

२. द्रावण ऊन अडवणाऱ्या तपकिरी बाटल्यांत होते तोवर समीक्षाच्या मनगटांवर रंग भरत होता. त्या संपल्यावर आपल्या केंद्राने पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या काचेच्या बाटल्या दिल्या. लताबाईंनी द्रावण त्यांत भरून बाटल्या दक्षिणेच्या खिडकीत मांडल्या. आमच्याकडे लोणच्याची बरणीदेखील उन्हात ठेवतात. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "उनमा ठेवेल बठ्ठं टिकस, अक्का." उन्हात ठेवलेले सगळे टिकते, याहून वेगळे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. उलट आपले डॉ. प्रेमराज त्या ओळीपुढे उभे राहून उद्गारले, "वा लताबाई, दुकान झकास मांडलंत!" समीक्षा तेथे हजर होती.

३. दिव्यात असतात तसेच किरण उन्हातही असतात. द्रावणातील औषधाला कातडी कोणती आणि काच कोणती हे कळत नाही. ते खिडकीतच आपली शक्ती खर्चून बसले. रंग भरणे थांबले. डॉ. प्रेमराज यांनी कारण न शोधता दिव्याची वेळ वाढवत नेली. पुढे एके दिवशी नवा डबा फोडून ताजे द्रावण काढले गेले, वेळ मात्र वाढविलेलीच राहिली. माझ्या नातीचे दोन्ही हात पोळून फोडांनी भरले.

४. मी तक्रार केली ती आपल्या केंद्राविरुद्ध. आपला खुलासा आला की "ऊन हा विषय केंद्राच्या अखत्यारीत येत नाही." ऐन मे महिन्यात, धुळ्यात बसून हे वाक्य लिहिणाऱ्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगावा. त्यानंतर त्याच तक्रारीचा आधार घेऊन आपण लताबाईंना घरी बसविले आणि माझे समाधान झाल्याचे मलाच कळविले. माझ्या सहीचा कोयता करून दुसऱ्याची मान उतरविण्यास मी आपणास परवानगी दिलेली नव्हती.

५. यावर कळस म्हणजे, सर्व दोष लताबाईंचा असल्याचे समाधानपत्र समीक्षाने सही करून दिल्याखेरीज तिचे उपचार पुन्हा सुरू होणार नाहीत, असे आपण कळविले. ते पत्र कोरेच परत पाठवीत आहे. त्याऐवजी बाटल्या कोणी पुरविल्या, त्या पाहून कोण काय बोलले आणि वेळ कोणी वाढविली, याचे समीक्षाच्या सहीचे निवेदन सोबत जोडले आहे. चौकशीत ती स्वतः उभी राहील आणि मी तिच्या शेजारी बसेन. मला खुर्ची लागते, तिची व्यवस्था ठेवावी.

आपण उपचार बंद ठेवाल, हे ठाऊक असून समीक्षाने या निवेदनावर सही केली. तिची बोटे अजून पांढरी आहेत, ती आता तशीच राहतील. सही कर, असे मी तिला म्हटले नाही. मी तिला एवढेच सांगितले की तिचे वडील तान्हे असताना मी विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते. तेव्हा लताबाईंच्या आई यशोदाबाई यांनी मांडीवर एकीकडे स्वतःची लता आणि दुसरीकडे माझा ज्ञानेश्वर घेऊन दोघांना पाजले. लता अर्धपोटी राहिली, माझा मुलगा जगला. हे ऐकून समीक्षा उठली, पोळलेल्या बोटांत पेन धरले आणि यशोदाबाईंच्या दुधाचे देणे आमच्या घराने पुरते फेडले.

उत्तराच्या नव्हे, आदेशाच्या प्रतीक्षेत,

केसरबाई मोतीलाल भदाणे
साक्री, जि. धुळे
दि. १६ जून २०२५