कुरडयांवर उतरलेला ड्रोन

६ एप्रिल, सोमवार

ड्रोन सापडला. कोसाडमध्येच आहे, वामनच्या इमारतीमागे तिसऱ्या रांगेत, एका गच्चीवर. बातमी वामनच्या बायकोला भाजीच्या गाडीवर मिळाली. संध्याकाळी वामनने स्वतः जिने चढून खात्री केली. पेपरात पंचवीस वर्षं त्याने माझी पानं लावली, ऐकीव गोष्टीवर तो अजूनही विश्वास ठेवत नाही.

म्हणाला, "देसले, तुमचा ड्रोन धड आहे. पण मिळणार नाही."

झालं असं की काल भरदुपारी तो लीलाबाई म्हणून कोणी आहेत, त्यांच्या ओल्या कुरडयांवर उतरला. पंख्यांच्या वाऱ्याने अर्ध्या कुरडया उलटल्या, बाकीच्यांवर गच्चीची सगळी धूळ. आता तो एका पाटीखाली कोंबडीसारखा झाकून ठेवलाय.

चूक माझीच. वामनच्या गच्चीवरून अमरोलीकडचं तापीचं वळण घ्यायचं होतं. ऊन चढत होतं म्हणून जीपीएसला उपग्रह मिळायच्या आत उडवला. वर गेल्यावर मिळाले, तेव्हा तो तिसऱ्या रांगेवर होता. त्याने तेच आपलं घर मानलं. बॅटरी संपत आली तशी इमानाने घरी गेला. सगळ्या इमारती एकसारख्या. तासभर मी आणि वामन वर बघत हिंडलो, लोकांना वाटलं पतंग शोधतोय.

७ एप्रिल, मंगळवार

ड्रोनची काळजी नाही, त्यातल्या मेमरी कार्डाची आहे. तापीकाठच्या प्रकाशा गावची पहाट त्यात आहे. घाट, संगम, पाण्यावर पहिली तिरीप, एकच होडी. त्यासाठी मुद्दाम नंदुरबारला मुक्काम केला होता. आणि कॉपी केलेली नाही.

तीस वर्षं पोरांना ओरडत आलो, कॉपी ठेवा, कॉपी ठेवा.

आमच्या अहिराणी मंडळाच्या आखाजीच्या कार्यक्रमात तापीची नऊ मिनिटांची फिल्म दाखवायची कबुली दिली आहे. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, १९ला, रविवारी. म्हणजे बारा दिवस. प्रकाशाशिवाय फिल्म म्हणजे पहिल्या पानाशिवाय अंक.

८ एप्रिल, बुधवार

सकाळी कोसाडला. लीलाबाई पन्नाशीच्या, शिंदखेड्याकडच्या, घरात अहिराणीच. मी माफी मागितली. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, ड्रोन दिला नाही. नुकसान भरून देतो म्हटलं तर चेहरा असा केला की मी विषय बदलला.

या कुरडया साध्या नव्हत्या. मुलगी पल्लवी, तिचं लग्न मे महिन्यात. रुखवतात मांडायच्या गुलाबी, हिरव्या, फुलांच्या आकाराच्या. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, शिजवायचा. आठवड्याचं काम एका मिनिटात गेलं.

निकाल असा: "दोन साड्या कुरडया करी द्या, मंग तुमना भुंगा लई जा."

दोन साड्या म्हणजे दोन साड्यांवर मावतील एवढ्या.

घरी येऊन बायकोला, मंगलला, सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. तिने लगेच गव्हाचा डबा उघडला.

९ एप्रिल, गुरुवार

गहू भिजत घातला. मंगल सहा वर्षांत कुरडया घालू शकलेली नाही. आमच्या पर्वत पाटियाच्या सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं तेव्हापासून. आता कोणाची तरी गच्ची मिळाली म्हणून इतकी खूश की ड्रोन हरवल्याचे आभार मानायची बाकी आहे. लीलाबाईंशी फोनवर पाऊण तास. माझा उल्लेख बहुधा "आमचे हे" आणि हसणं एवढाच.

१० एप्रिल, शुक्रवार

ड्रोन नाही, म्हणून फिल्मची मांडणी केली. उकाईचं पाणी आहे. कामरेजचा पूल आहे, उसाची शेतं आहेत. हिवाळ्यात शहरातल्या काठावर गाठिया खायला जमणारे समुद्रपक्षी आहेत. ते पुलावरून साध्या कॅमेऱ्याने घेतले होते, पक्ष्यांत ड्रोन घालत नाही. शेवट मात्र नाही. तापी समुद्राला मिळते ते हजीऱ्याकडे, आणि ड्रोनच्या नकाशावर तो सगळा भाग लाल, म्हणजे उडवायला बंदी. अडीचशे ग्रॅमच्या आतलं यंत्र असलं तरी लाल ते लाल.

शेवट काय?

१२ एप्रिल, रविवार

हात उचलत नाही. डाव्या हाताने लिहावं असं वाटतंय.

सकाळी सहाला कोसाडला, डबे रिक्षात. चीक शिजवणं मंगल आणि लीलाबाईंकडे, सोऱ्या दाबणं माझ्याकडे. पहिल्या दहा कुरडया बघून लीलाबाई मंगलला म्हणाल्या, भाऊंनी तापीचा नकाशा काढलाय. त्यानंतर मी गोल गोल फिरवायला शिकलो. अकरापर्यंत दोन्ही साड्या भरल्या. तिसरीही अर्धी भरली, ती मंगलची, आमच्या घरची.

पल्लवी पहिल्यांदा दिसली. पर्वत पाटियाजवळच्या मार्केटमध्ये साड्यांना लेस लावते, सोमवार ते शनिवार. आज उन्हात उभी राहून रंग कालवत होती. मला म्हणाली, "काका, गुलाबी जास्त झाला. चालशे."

दुपारी पाटी उचलली. ड्रोन स्वच्छ पुसलेला, एका पायाला मात्र वाळका चीक अजून चिकटलेला. लीलाबाईंनी तो माझ्या हातात दिला तेव्हा बरोबर पिशवीभर कुरडयाही दिल्या.

कार्ड शाबूत आहे. घरी आल्याबरोबर कॉपी केली. दोन ठिकाणी.

१३ एप्रिल, सोमवार

प्रकाशा उत्तम आलंय.

त्याच्यानंतरची फाइल ५ तारखेची. ड्रोन स्वतःहून परत जाताना कॅमेरा चालूच राहिला होता. आधी तापीचं वळण. मग कोसाडच्या गच्च्या, रांगेत, एकसारख्या. मग एकच गच्ची मोठी होत जाते: लाल साडी, पिवळी साडी, त्यांवर गुलाबी-हिरवी वर्तुळं. खरं सांगायचं तर इतकं सुंदर चित्र मी ठरवून कधी घेतलेलं नाही.

मग टाकीच्या सावलीत गोधडीवर कोणीतरी झोपलेलं. पल्लवी. लीलाबाई सोऱ्या धरून बसलेल्या. वर बघतात. वाऱ्याने कुरडया उडायला लागतात. त्या कुरडयांकडे बघतसुद्धा नाहीत. सोऱ्या टाकून धावतात आणि झोपलेल्या मुलीवर ओणव्या होतात, पदर दोन्ही हातांनी ताणून, जसं पावसात धरावं. ड्रोन खाली टेकतो. मुलगी कूस बदलते. उठत नाही.

चाळीस सेकंद.

तीनदा पाहिलं. मग मंगलला बोलावलं. ती बघून स्वयंपाकघरात गेली, थोड्या वेळाने चहा घेऊन आली. म्हणाली, शेवट मिळाला ना तुम्हाला.

आणि लाजही वाटली. तेवढंसं यंत्र, पण पाती ती पातीच. त्या बाईला काय वाटलं असेल.

१४ एप्रिल, मंगळवार

विचारल्याशिवाय वापरणार नाही, हे ठरलेलंच. लॅपटॉप घेऊन कोसाडला.

आधी लीलाबाई खूप हसल्या. गच्ची वरून अशी दिसते हे त्यांना माहीत नव्हतं, शेजारणीलाही बोलावलं. मग पुढचं आलं तसं त्यांनी शेजारणीला वाटेला लावलं. शेजारीण गेल्यावर म्हणाल्या, हे दाखवू नका.

कारण असं. पल्लवीची होणारी सासू डिंडोलीची, मंडळातलीच. आखाजीला येणार, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसणार. "आम्हीन तं सांगेल शे, रुखवत पोरगीच करी राह्यनी. आनि आठे पोरगी झोपेल शे. विहीण काय म्हनी?"

मी म्हटलं, सगळ्यांच्याच घरी असं सांगतात. त्या म्हणाल्या, सांगतात हो, पण सगळ्यांची फिल्म निघत नाही.

बरोबर आहे. ठीक आहे म्हणून आलो.

१५ एप्रिल, बुधवार

शेवटासाठी अमरोलीच्या पुलावरून सूर्यास्त जोडून पाहिला. चांगला आहे. कोणाच्याही फिल्मला चालेल असा आहे.

संध्याकाळी पल्लवीचा फोन, मार्केटमधून, मागे टेम्पोचा आवाज. आईने सगळं सांगितलं म्हणे.

"काका, ते ठेवा. सहा दिवस मी उभी राहून काम करते, रविवारी झोपले. एमां शुं, त्यात काय? चोरी थोडी केली?"

मी म्हटलं, आई नको म्हणते. मग म्हणाली, आई आपल्यावर अशी ओणवी झाली होती हे तिला माहीतच नव्हतं. त्या दिवशी उठली तेव्हा आई कुरडया गोळा करत होती आणि तिलाच शिव्या घालत होती, म्हशीसारखी झोपतेस म्हणून. बाकी काही बोलली नव्हती.

तिने ती क्लिप मोबाइलवर मागितली. दिली नाही. आई हो म्हणाली की देतो म्हटलं. "तुमी पेपरवाले बहु कडक," म्हणाली, पण रागावली नव्हती.

१६ एप्रिल, गुरुवार

मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन, फिल्म झाली का. झाली म्हटलं. निम्मं खरं.

मंगलचं मत विचारलं. ती म्हणाली, तुमच्या फिल्मचं काय होईल ते होऊ दे, त्या पोरीला त्या घरात चाळीस वर्षं काढायची आहेत. पण मग पुढे म्हणाली, रविवारी झोपलेली चालत नाही असं घर असेल, तर ते लग्नाआधी कळलेलं काय वाईट?

दोन्ही बाजू देणारी बायको. संपादक व्हायला हवी होती.

१७ एप्रिल, शुक्रवार

दोन फिल्म तयार केल्या. एक सूर्यास्तावर संपणारी, एक गच्चीवर. निवडणुकीच्या दिवशी आम्ही दोन पहिली पानं लावून ठेवायचो, तसं. वामन येऊन बघून गेला. गच्चीवालीत आवाज ठेवू नको म्हणाला, फक्त चित्र. ऐकलं त्याचं. तो पानातल्या रिकाम्या जागेवरून माझ्याशी कायम भांडायचा, आणि बहुतेक वेळा तोच बरोबर असायचा.

१८ एप्रिल, शनिवार

दुपारी लीलाबाई आल्या, आमच्या घरी पहिल्यांदाच. मंगलच्या कुरडया वाळल्या होत्या, त्या द्यायला. सोबत पल्लवी, अर्धी सुट्टी काढून. तोंडं दोघींची फुगलेली, म्हणजे रिक्षात भांडण झालेलं.

मंगलने चार कुरडया तळल्या. गुलाबी खरंच जास्त झालाय.

लीलाबाईंनी पुन्हा बघायचं म्हटलं. लॅपटॉप लावला. या वेळी त्या पल्लवीकडे बघत होत्या आणि पल्लवी पडद्याकडे. ओणव्या होण्याची जागा आली तसा पल्लवीने आईचा हात धरला. लीलाबाई तिला म्हणाल्या, भुंगा डोक्यावर पडला असता तर लग्नात टक्कल घेऊन उभी राहिली असतीस. पल्लवी हसायला लागली आणि डोळेही पुसायला लागली. मंगल उगाचच गॅस बघून आली.

मी दोन्ही पेनड्राइव्ह टेबलावर ठेवले. सांगितलं की शेवटपर्यंत कोणताही लावता येईल, मला पाच मिनिटं आधी कळलं तरी पुरे.

लीलाबाईंनी दोन्ही पेनड्राइव्ह हातात घेऊन पाहिले. मग म्हणाल्या, "आधी मी विहीणले सांगसू, कुरडया कोनी करेल शेत ते. माले सांगता उनं, तं दखाडा. नही उनं, तं तुमना सूर्य बुडू द्या." म्हणजे विहिणीला सांगता आलं तर गच्ची, नाही तर सूर्यास्त.

पल्लवी म्हणाली, मी शेजारी बसेन. लीलाबाई म्हणाल्या, तू झोपू नकोस म्हणजे झालं.

सूर्यास्तवाल्या पेनड्राइव्हला काळा दोरा बांधलाय, गच्चीवाल्याला गुलाबी. दोन्ही शर्टाच्या खिशात.

उद्या पाचला झोके आणि गाणी, साडेसहाला फिल्म. मी मागे प्रोजेक्टरपाशी. डिंडोलीची मंडळी सहापर्यंत येतील, असं सेक्रेटरी म्हणतात. लीलाबाई कुरडयांचा डबा घेऊन त्यांच्या रांगेकडे जातील, इतकं नक्की. तिथून त्या माझ्याकडे वळून बघतील.