कुंपणाबाहेरचा आपटा

कळमनुरी. खंडेनवमी, संध्याकाळ.

आमच्या बागेच्या कुंपणाबाहेर रस्त्याकडेला दोन आपटे लावलेले. गेल्या दसऱ्याला सोन्यासाठी गल्लीनं एकाच्या फांद्याच मोडून नेल्या, ते झाड वाळलं. दुसरं वाचावं म्हणून यंदा मीच सांगत सुटले, हा आपटा न्हाई, कांचन हाय. कांचनाचं पान चांगलं तळहाताएवढं, याचं एवढंसं. पण बघतंय कोण? शाळेतल्या बाई म्हणाल्या म्हणजे बराबरच.

आज समोरच्या नानांकडं अवजारांची पूजा झाली. हळदकुंकू लावलेल्या कुऱ्हाडीकडं बोट करून नाना म्हणाले, "बाई, उद्या नवी गाडी येऊन राहिली. वळवायला ते झाड आडवं येतं. सकाळीच काढून टाकतो."

"काहून? झाडाची काय तकलीफ?"

"आपटा असता तर हात लावला नसता. तुमीच म्हणता, कांचन हाय."

तिथंच खरं सांगायला काय झालं होतं मला? लाज वाटली, दुसरं काय. सांगितलं तर अख्खी गल्ली झाडावर तुटून पडेल. न सांगितलं तर ती हळदकुंकवाची कुऱ्हाड.

येताना एवढंसं पान तोडून आणलं, या वहीत ठेवलंय. सोनं संध्याकाळी वाटतात, पण हे उजाडताच नानांच्या हातावर ठेवायचं. मग दिवसभर झाडाखाली खुर्ची टाकून बसायचं. घरटी एकच पान, तेही माझ्या हातानं. कोणी विचारलं, कांचनाचं काय झालं, तर सांगायचं, खोटं बोलले होते.