काढलेल्यांचा ग्रुप

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार घालायला ताईंच्या ऑफिसात जागा नाही (आडवा झालो तर पाय झेरॉक्स मशीनखाली जातात), म्हणून खुर्चीतूनच वाकतो, गोड मानून घ्या. गुडघा काय म्हणतो? रक्तदाबाचं यंत्र मामींनी स्वतःसाठी आणलं आणि त्या दिवसभर तुमचाच दंड आवळतात, असं आई सांगत होती. इकडे सगळे मजेत. मामाला पत्र टाकलंस का, असं आई रोज विचारते. आज खरंच टाकतोय, त्यावरून माझ्यावर काय वेळ आली असेल ते ओळखा.

कॉलेज मधेच सोडल्याचं तुम्हाला कळलं असेलच. (आईने सांगितलेलं निम्मं खोटं आहे. प्राचार्यांच्या टेबलावर मी हात आपटला हे खरं, पण टेबल आधीपासून मोडकं होतं.) पुढे तुमच्याच पुण्याईवर नगरसेविका ताईंनी मला ठेवून घेतलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी नाक्यावरचा फळा तुम्ही लिहायचात ना, म्हणून म्हणाल्या, "खडूवाल्यांचा भाचा? मग लोकांशी बोलायला तुला काय शिकवायचं." काम म्हणजे वॉर्डाचा ग्रुप सांभाळायचा. लोकांनी फोनवर तक्रारी लिहायच्या आणि मी ताईंच्या वतीने गोडगोड उत्तरं द्यायची. म्हणजे फळाच, फक्त ज्याच्या त्याच्या खिशातला.

पण मामा, तो फळा काय होता हो. सकाळी तुम्ही ओल्या फडक्याने सगळा पुसायचात, फक्त उजवा कोपरा सोडून. तिथे तक्रारी असायच्या, आणि काम झाल्याशिवाय तिथली ओळ पुसायची नाही हा तुमचा कायदा. शिंपीआळीच्या गटाराची ओळ तर तुम्ही रोज गिरवून इतकी जाड केली होतीत की पलीकडच्या फुटपाथवरून वाचता यायची. मग चित्रकलेचे मास्तर यायचे, तुमच्या अक्षरांची वळणं बोटाने सुधारायचे, तुम्ही चिडायचात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी खडूचा एक तुकडा मुद्दाम ठेवायचात. तेव्हा भांडायचं तर माणसाला घरातून निघून नाक्यापर्यंत चालत यावं लागायचं, त्यात निम्मा राग उतरायचा. आता राग अंगठ्यातच असतो. (माझा तर नखात.)

नडलं ते हेच. पुलाच्या भूमिपूजनाचा फोटो मी मोठ्या हौसेने ग्रुपवर टाकला, तर एका सद्गृहस्थांनी त्याच फोटोवर लाल वर्तुळं काढून परत पाठवला. खाली लिहिलं, 'फोटो छान. पूल कधी?' मी त्यांना ग्रुपमधून काढलं. का काढलं म्हणून चष्मेवाल्यांनी विचारलं, त्यांना काढलं. चष्मेवाल्यांना का काढलं म्हणून नर्सबाईंनी विचारलं. पुढचं तुम्ही समजून घ्या.

आता एक खासगी गोष्ट. वाचनालयाच्या खिडकीत एक मुलगी बसते. तिच्यापायी मी वर्षभर जाडजूड पुस्तकं घरी नेतो आणि न वाचता परत करतो. (आईला सांगू नका, तिला वाटतं मी परीक्षेला बसतोय.) परवा तिने मान वर न करता विचारलं, "बाबांना तुम्हीच काढलंत ना?"

"कोण बाबा?"

"लाल वर्तुळवाले. आता दिवसभर घरात बसून माझ्या पोळ्यांचा आकार सुधारतात."

मामा, ते आपले चित्रकलेचे मास्तर. फोटोच्या जागी त्यांनी मोराचं चित्र लावलेलं, मी ओळखणार कसा? धावत जाऊन त्यांना परत घ्यायला लागलो, तर ते यायलाच तयार नाहीत. तोवर त्यांनी स्वतःचा ग्रुप काढला होता. नाव 'काढलेले'. मी ज्याला काढलं त्यालाच तिथे प्रवेश, म्हणजे प्रवेशपरीक्षा मीच. काल इस्त्रीवाला माझे शर्ट घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, मलाही काढा की. अख्खी गल्ली तिकडे आहे. हवं तर शिवी देतो." मी नाही म्हटलं. त्याने दिली. मी काढलं. निघताना हात जोडून गेला.

तिकडे मास्तर रोज सकाळी पाटीवर खडूने लिहून तिचा फोटो टाकतात, उजवा कोपरा तुमच्यासारखाच राखून. आणि संध्याकाळी सगळे नाक्यावर जमून समोरासमोर भांडतात, आपला फळा होता तिथेच (आता तिथे बनियनची जाहिरात आहे). तीही असते. हसते. मी ऑफिसच्या खिडकीतून बघतो. आमच्या ग्रुपात उरलो मी, ताई, ताईंची नणंद आणि गाद्या विकणारा एक माणूस. ताई म्हणतात, "किती शांत केलास रे ग्रुप."

शेवटी तिलाच विचारलं, मला घ्याल का? म्हणाली, "काढलेला माणूस हवा."

"मग मी आमच्यातून बाहेर पडतो."

"पडलेला चालत नाही. काढलेलाच लागतो."

एवढं बोलून तिने माझ्या पुस्तकावर तारखेचा शिक्का दोनदा मारला. दोनदा, मामा. यात काही अर्थ असेल का?

बाकी सर्व क्षेम. मी आता पूर्वीसारखा भडकत नाही. अनुभवाने माणूस निवळतो.

खडूच्या धुळीत वाढलेला,
तुमचा भाचा

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. आज सकाळी तुम्हाला ग्रुपात घेऊन ऍडमिन केलंय. ऍडमिन झालेला माणूस दुसऱ्याला काढू शकतो. ताईंना 'मला काढा' म्हणालो तर त्या नोकरीवरूनच काढतील, म्हणून तुमच्यावर भिस्त. माझ्या नावावर बोट दाबून धरा, 'काढा' असं येईल, ते दाबा. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा घसरला असं मी ताईंना सांगेन.

ता. क. दुसरा. गादीवाल्याला चुकून काढू नका. ग्रुपवर रोज लिहिणारा तोच एक उरलाय.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवता चिकटवता फोन पाहिला. सकाळपासून तुम्हाला इतके निरोप पाठवले, एकाचंही उत्तर नाही. तुमचा फोन चष्म्याच्या खणात पडलेला असतो हे मला माहीत आहे, तरी डोकं फिरलं आणि तुम्हाला काढून टाकलं. म्हणजे आता तिकडे जायला तुम्ही पात्र आणि मी बाहेरच. इस्त्रीवाल्याने बातमी पोचवलीसुद्धा. मास्तर म्हणाले म्हणे, "खडूवाल्यांना आधी आत घ्या, पाटी त्यांनीच लिहायची." तेव्हा फोन खणातून काढा आणि जा. मास्तरांना माझा नमस्कार सांगा. आणि उजव्या कोपऱ्यात माझी एक ओळ लिहा. काय लिहायचं ते तुम्हाला कळलंय. काम होईपर्यंत पुसू नका.