सतरंजीखालची वायर

ता. ६ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

फोन अजून मुकाच आहे. रस्ता खणणाऱ्यांनी तार तोडली आणि खड्डा तसाच टाकून गेले, म्हणून हे पत्र.

अप्पा दवाखान्यातून घरी आले. सोबत ऑक्सिजनचं मशीन आलंय, गुडघ्याएवढं, दिवसभर घरघरतं. अप्पा म्हणतात, तुमच्या आईनंतर घरात इतकं कोणी बोललं नव्हतं. वीज गेलीच तर म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर उभा आहे. तो कसा उघडायचा ते सिस्टरने शिकवलं, आणि त्याच्याजवळ काडीसुद्धा ओढायची नाही असा दमही भरला.

अप्पांच्या खोलीत प्लग एकच, तोही कपाटामागे. म्हणून माझ्या शिवणाच्या खोलीतून लांब वायर ओढली. गच्चीवरच्या दिव्यासाठी घेतलेली ती पांढरी, बारीक. कोणी अडखळू नये म्हणून सतरंजीखालून नेली. मशीन, हीटर आणि माझी इस्त्री, तिघांचं एकाच वायरवर छान चाललंय. मनी मांजरीनेही नवी जागा शोधलीय. दाराजवळ सतरंजीवर एक ठिकाण मस्त ऊबदार असतं, तिथून बाईसाहेब हलत नाहीत. थाट बघायला तू हवी होतीस.

स्वेटर घालत जा. लोभ आहेच, तो दोन ओळींत तरी दिसू दे.

तुझी,
ताई

ता. १० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी कपाट ओढून अप्पांचं मशीन भिंतीतल्या प्लगवर लाव आणि ती वायर काढ. मग पुढे वाच.

मनी झोपते तिथे खालून वायर तापतेय गं! तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला. मागच्या हिवाळ्यात आमच्या पुस्तकबांधणीच्या खात्यात हेच झालं. वायरचं भेंडोळं न सोडताच कोणीतरी त्यावर हीटर लावला. आधी नुसता मासळीसारखा वास आला, एकमेकींच्या डब्यांवरून आम्ही चेष्टाही केली. मग कागदांच्या थप्पीखालून जाळ आला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंची बोटं अजून नीट मिटत नाहीत.

तेव्हा वायरमनने सांगितलेलं डोक्यात पक्कं बसलंय. हीटर आणि इस्त्री थेट भिंतीत, अशा वायरवर कधीच नाही. वायर लागलीच तर जाड, तीन पिनांची, गरजेपुरती आखूड घ्यायची, आणि किती भार झेपेल ते तिच्यावर लिहिलेलं असतं ते वाचून घ्यायची. वापरताना पूर्ण उलगडून, डोळ्यांसमोर ठेवायची. एकीला दुसरी जोडायची नाही. आणि अप्पांचा श्वास ज्यावर चालतो ते मशीन असल्या वायरच्या भरवशावर नकोच.

फोन लावते तर नुसती खरखर. साहेब पुढल्या आठवड्यातल्या शनिवारच्या आधी रजा देत नाहीत. प्लास्टिकचा जरा वास आला की उठून खात्यातले सगळे प्लग बघून येते. मला वेडी म्हण, पण उत्तर धाड. अप्पांना नमस्कार.

तुझ्या मायेची हक्कदार,
ठकी

ता. १४ जानेवारी

चि. ठकीस,
आशीर्वाद.

आम्ही दोघं सुखरूप आहोत, हे आधी.

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी इस्त्री करत होते. वाचून हसले, खोटं कशाला बोलू. अप्पा म्हणाले, बघून तर ये. मनीला बाजूला केलं, सतरंजी वर उचलली, तर खालची बाजू काळी पडलेली आणि वायर मेणासारखी मऊ. वारा लागला आणि भपकन जाळ झाला. पाण्याचा जग उचललासुद्धा. मग वीज चालू आहे हे लक्षात आलं आणि मेन स्विचकडे धावले. तो बंद केला, तशी मशीनची घरघर थांबली.

ठकी, तेवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

अप्पांचा श्वास तुटायला लागला. ते सिलिंडरकडे बोट दाखवत होते. मी नाही म्हटलं. जाळाशेजारी ऑक्सिजन सोडला असता तर खोलीभर आग झाली असती. खुर्चीसकट त्यांना ओढलं, जाळाला वळसा घालून बाहेर जिन्यापाशी. त्यांनी माझं मनगट आवळलं, पुन्हा बोट दाखवलं. ओठ निळे पडले होते. मी पुन्हा नाही म्हटलं आणि हात सोडवून आत गेले. सिलिंडर फरफटत जिन्यापर्यंत आणला, तिथे उघडला. नळी त्यांच्या नाकाला लावली. तोवर खालचा बेकरीवाला बादल्या घेऊन वर धावला होता.

आता सगळं ठीक आहे. वायरमनने आजच अप्पांच्या उशाशी भिंतीतच नवा प्लग बसवला, हीटरला वेगळा. ती पांढरी वायर मी कापून फेकली. तू धावपळ करू नकोस, रजा वाया घालवू नकोस.

लोभ ठेव, आणि इतकं घाबरू नकोस.

तुझी,
ताई

ता. १५ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र ताईच्या नकळत बेकरीवाल्याकडे देतोय. अक्षर हलतंय, सांभाळून घे.

सगळं ठीक आहे असं तिने लिहिलं असेल. मी ठीक आहे, ती नाही. दिवसभर हाताची पालथी बाजू लावत हिंडते. प्लगला, भिंतीला, मशीनला, मग माझ्या कपाळाला. शिवण बंद आहे. सकाळी मला विचारलं, मी तिच्यावर रागावलो होतो का. मी नाही म्हणालो. खरं सांगू? त्या वेळी मला वाटलं, पोरगी मला जिवे मारतेय. मी तसंच बघितलं असणार तिच्याकडे. तिने माझा जीव वाचवला हे मला कळतंय, पण माझ्या तोंडून तिला पटत नाही. माझ्यासमोर ती रडतही नाही.

शनिवारी ये. अप्पांना बघायला आले, असंच सांग, आणि आल्याबरोबर तिला जवळ घे.

लोभ दोघांवर सारखाच असू दे. या खेपेला तिच्यावर जरा जास्त.

तुझा,
अप्पा