एका मतानं पडलात तेव्हा

आबा, काल वर्गात इंग्लंड-अमेरिकेची तुलना चालली होती. सत्तेवरच्या माणसाला शांतपणे खाली कसं उतरवतात, हा माझा आवडता धडा. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, तुमी सोताच्या वडलांच्या विरोधात मत दिलं म्हणत्यात. खरं हाय का?" अख्खा वर्ग टक लावून बघत होता. हजेरी घ्यायची राहिली, असं काहीतरी पुटपुटून मी सुटका करून घेतली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण सोलापुरात गोष्ट काही मरत नाही.

मी एम.ए. करत होते तेव्हा सकाळी स्वयंपाकघरात चहात भाकरी चुरता चुरता तुम्ही रोज एका देशाची चौकशी करायचात. "तितल्या म्होरक्याला उतरवत्यात कसं?" एवढाच प्रश्न. अमेरिकेत दोनदाच निवडून येता येतं म्हटल्यावर मान डोलवलीत. स्वित्झर्लंडमध्ये अध्यक्ष दरवर्षी बदलतो म्हटल्यावर मात्र ठसका लागला. "दर वर्साला? आमची घरांची सोसायटी बघ की. अठरा वर्षं मी चेरमन, आन् एकदा पण मतदान न्हाय. बिनविरोध!" एवढ्या देशांची पुस्तकं वाचली, पण निवडणूक न झाल्याचा असा अभिमान मला कुठंच सापडला नाही. तसं बोलूनही गेले, "आबा, बिनविरोध म्हणजे कुणाला विचारलंच नाही." तुम्ही बशी खाली ठेवलीत. "हे कालिजात शिकव. हितं मी तुजा बाप हाय."

मी शिकवायला लागले त्याच वर्षी घरांच्या मागच्या ओळीतल्या रिक्षावाल्यानं तुमच्याविरुद्ध अर्ज भरला. तुम्ही दोनदा त्याच्या घरी जाऊन आलात, तरी त्यानं तो मागे घेतला नाही. आई गेल्यावर तिच्या नावची शेजारची खोली माझ्या नावावर झाली होती, म्हणून सोसायटीत मलाही मत होतं. बालवाडीच्या खोलीत मोजणी झाली आणि तुम्ही एका मतानं पडलात. तुम्ही बाकी कुणाकडे नाही, थेट माझ्याकडे बघितलंत.

दोन दिवस तुम्ही अबोला धरलात. मी ताट ठेवायची, तुम्ही खाली मान घालून जेवायचात. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दारात येऊन म्हणतात, "दादा, घरचंच मत फुटलं म्हणत्यात." मी आत भाकरी थापतेय. हात थांबतात. तुम्ही म्हणता, "फुटलं न्हाय. पोरगी शिकवती तशी वागली. बापाला न्हाय भ्याली. लई धमक लागती त्याला." तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. मी भाकरी तव्यावर टाकली. पुढं तुम्ही ती गोष्ट लग्नाकार्यात, दवाखान्यात, जाल तिथं सांगितलीत. आधी कुढत, नंतर चक्क मिरवत.

आबा, मी तुम्हालाच मत दिलं होतं. पेन रिक्षावाल्याच्या नावापर्यंत नेलं, मग संध्याकाळी तुम्ही घरी याल ते आठवलं आणि घाबरले. शिकवलेलं सगळं त्या एका फुलीत विसरले. हे सांगायला पुढची सहा वर्षं तुम्ही रोज समोर होतात. आज तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तुमच्या तोंडून ऐकता ऐकता ती बापाला न भ्यालेली मुलगी मलाही आवडायला लागली होती.