संध्याकाळनंतरची वीज

प्रिय बारक्या,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. बाबांचा विषय निघाला की तुझ्या कपाळाला आठ्या पडतात, हे ठाऊक आहे मला. तरी शेवटपर्यंत वाच.

त्यांची फुप्फुसं वर्षभरात पार थकली होती. कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलरसमोर सगळं आयुष्य गेलं त्यांचं. धूर कुठे चाललाय ते बघून आई कपडे वाळत घालायची, तरी तुझ्या शाळेच्या सदऱ्यावर राख असायचीच. त्या दिवशी जेवताना तू म्हणालास, तुमच्या केंद्राने तुमच्याच छातीत राख भरली, मी अणुवीजकेंद्रात चाललोय. बाबा भडकले. आमची राख निदान दिसते, तिच्या विटा होतात. तुमचं जळून उरलेलं इंधन पाण्याखाली ठेवायचं आणि नातवंडांनी त्यावर पहारा द्यायचा, असं काहीबाही बोलले. तू ताटावरून उठलास तो उठलासच. दोघंही एका माळेचे मणी, आणि मी मधल्या मध्ये भरडले गेले.

पुढे बाबांचं केंद्र बंद झालं आणि थोड्याच दिवसांत त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागलं. विजेवर चालणारं, सतत घरघरणारं. नाकाला नळी लावल्या लावल्या त्यांचा प्रश्न काय, तर आता ही वीज येते कुठून? मी म्हटलं, बटण दाबलं की येते. झालं, त्यांची शाळा सुरू झाली. दिवसा माळावरच्या सौर पट्ट्यांची, वारा असेल तर पवनचक्क्यांची, घरोघरी दिवे लागले की धरणाचं पाणी सोडतात त्याची. गॅसवाल्यांना राख नाही, पण धूर त्यांनाही चुकलेला नाही, हे सांगताना स्वारी खूश असायची. तुझ्या केंद्राचं नाव मात्र काढायचे नाहीत. मीही काढलं नाही.

मग एकदा दिवेलागणीला, धाप ओसरल्यावर, आपणहून म्हणाले, "सूर्य बुडाला, वारा पडला, तरी बारक्याचं केंद्र चालूच असतं. आत्ताचा श्वास त्याचा." तारेत सगळी वीज एक होते, वेगळी काढता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? तरी रोज संध्याकाळी खुर्ची मशीनजवळ ओढून बसायचे. एकदा म्हणाले, "अगं, आम्ही दोघंही शेवटी पाणीच उकळतो. वाफ तीच, चक्र तेच. त्यावरून केवढं भांडलो." तुला निरोप धाडते म्हटलं, तर नको म्हणाले. येईल तो, समोर बसवून सांगेन.

बारक्या, मंगळवारी संध्याकाळी बाबा गेले. त्या खुर्चीतच. तुला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून लिहायला बसले, पण नुसतं रडू येतंय. शेजारच्या काकू म्हणतात, आता ते मशीन बंद कर. माझा हात धजत नाही. तूच ये आणि बंद कर.

तुझीच,
ताई