लेव्हीच्या झऱ्याची जमीन

प्रति,
मा. जमीन-दावे तपासणी अधिकारी,
नदीकाठचा किल्ला, केंटकी मुलूख.

विषय: झऱ्याकाठची चारशे एकर जमीन माझ्या नावावरून कमी करणेबाबत.
संदर्भ: माझ्याच बाजूने झालेला आपला मागील महिन्यातील निकाल.

महोदय,

सविनय कळवितो की, आपण मला दिलेली जमीन माझी नाही. तो झरा लेव्ही टँकर्स्ली याने शिकारीच्या फेरीत शोधला आणि डोंगराच्या खिंडीतून मला इकडे तोच घेऊन आला. वाटेत त्याला ताप भरला. घोंगडीत कुडकुडत तो म्हणाला, "आर्ची, तू हो पुढं. माझ्या नावाची खूण चार झाडांवर कुऱ्हाडीनं कोर, म्हणजे त्या जागेवर दुसरा कुणी बसायचा नाही. मी येतोच मागनं."

२. मी पुढे गेलो. झरा पाहिला, काळीभोर माती पाहिली आणि माझी नियत फिरली. चारही झाडांवर मी माझीच अक्षरे कोरली. लेव्ही आल्यावर त्याला सांगितले की, इथे कुणा परक्याच्या खुणा होत्या, माझी बंदूक देऊन मी जागा सोडवून घेतली. त्याने माझी पाठ थोपटली आणि ओढ्यापलीकडे खडकाळ अंगाला आपले खोपट बांधले.

३. बंदूक तेव्हापासून माझ्या चुलीखाली पुरलेली होती. मजजवळ बंदूक नाही म्हणून लेव्ही आपल्या शिकारीतला अर्धा वाटा माझ्या दारात आणून ठेवतो. हरणाची मागची तंगडी तर मलाच. त्याची बायको कझाया झऱ्यावर पाण्याला येते, ती रोज माझी परवानगी घेऊन. ते मांस आता माझ्या घशाखाली उतरत नाही. नको म्हटले तर लेव्हीला वाटते, मी भिडस्त आहे.

४. सुनावणीत मी खरे सांगणार होतो. पण आधी लेव्हीची साक्ष झाली. "साहेब, ह्यानं जमिनीपायी बंदूक दिली हो. इथं बंदुकीवाचून कोण राहतं? जमीन त्याचीच." आपण निकाल दिलात आणि मी टोपी काढून आभार मानले. त्याची मला फार लाज वाटते.

५. तरी जमीन, माझ्या घरासह, लेव्हीच्या नावे करावी. हा अर्ज घेऊन येणारा इसम लेव्हीच आहे. त्याला वाचता येत नाही. सोबतच्या पेटीत मोजणीची काठी आहे, असे मी त्याला सांगितले आहे; तेही खोटेच. कृपया हा अर्ज त्याला मोठ्याने वाचून दाखवावा, मला ते जमले नाही. नंतर पेटी उघडून आतील वस्तू त्याच्या हाती द्यावी. मी घरीच आहे, कुठे जाणार नाही.

आपल्या निकालास अपात्र,
आर्चिबाल्ड मॅक्कार्गो
एप्रिल १७८१

सोबत: खिळे ठोकलेली पेटी. आत माझी बंदूक. भरलेली नाही. बारूद लेव्ही नेहमी जवळ बाळगतो.